पडलेल्या उमेदवारास

प्रिय पोरी,

जिल्हा परिषदेला पडलीस, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. ‘आता दिल्लीचं नावच नको’ हे जे लिहिलंस, ते मात्र खटकलं.

लोकसभेच्या माजी अध्यक्ष सुमित्राताई महाजनांचं बघ. चिपळूणची मुलगी, लग्न होऊन इंदूरला गेली. १९८२ मध्ये महापालिकेत निवडून आल्या, १९८४ मध्ये उपमहापौर झाल्या आणि १९८५ ला विधानसभेला उभ्या राहिल्या, तर पडल्या. चारच वर्षांनी भाजपनं त्यांना लोकसभेला उभं केलं, तेही प्रकाशचंद्र सेठींसमोर. माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री! ताई जिंकल्या. हा विजय धरून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा तीच जागा. लाटेचा भाग असतो, नाही कशाला म्हणू? पण २००४ आणि २००९ ला त्यांचा पक्ष देशात हरला, तरी इंदूरनं त्यांना सोडलं नाही. २००९ ला अगदी काठावर, अकरा-साडेअकरा हजारांनी आल्या. आल्या हे महत्त्वाचं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. लोकसभा अध्यक्ष असताना, ऑगस्ट २०१५ मध्ये, त्यांनी काँग्रेसचे २५ खासदार पाच दिवसांसाठी निलंबित केले. ते मला आजही पचलेलं नाही. आणि हेही लक्षात ठेव की इतक्या वर्षांत त्या राज्यमंत्री झाल्या, कॅबिनेट मंत्री कधीच नाही. मंत्रिपदासाठी जायचं असेल तर आत्ताच सांग, माझा वेळ वाचेल.

खासदाराचं खरं काम प्रश्नोत्तराच्या तासात कळतं. लेखी उत्तर मागायचं तर अतारांकित प्रश्न. ते पटलावर ठेवलं जातं, संपलं. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं, आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. गंमत तिथे आहे. छापील उत्तर खात्यानं लिहून दिलेलं असतं. ‘इतकी पदं मंजूर, इतकी रिक्त, भरती सुरू आहे’ एवढंच त्यात असतं. मग तू उठून विचारायचं, ‘माझ्या भागातलं अमुक पद किती दिवस रिकामं आहे?’ मंत्री अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघायला लागले की समजायचं, प्रश्न लागला. मात्र तो प्रश्न दिल्लीत बसून सुचत नाही. तो गावातल्या आरोग्य केंद्राच्या बाकावर, नंबर येईपर्यंत बसलं की सुचतो.

२०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. २०२३ ची घटनादुरुस्ती झाली, तिचं महिला आरक्षण लागू होईल तेव्हा होईल. त्यासाठी थांबू नकोस.

‘पडलेल्या उमेदवाराला लोक दारात उभं करतील का’ असं विचारलंयस. करतील गं. आता तू मत मागायला आलेली नाहीस, हे त्यांना दिसेलच. तुझ्या गटातल्या प्रत्येक गावात या महिन्यात जा, पण कार्यकर्त्यांची फौज नेऊ नकोस. चहा घे, भाषण करू नकोस.

आणि रविवारी ये. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती पदं मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि रिकामी कधीपासून आहेत, एवढीच तीन कलमं माहिती अधिकाराच्या अर्जात लिहून आण. चौथं घालू नकोस, उत्तर लांबवायला त्यांना निमित्त मिळतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायला विसरू नकोस.

तुझी,
काकू