‘सर्च’ या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ काय आणि त्याच्यापुढे ‘फॉर’ कधी लागतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ‘सर्च’ आलं कुठून, आणि त्याच्यापुढे कधी ‘फॉर’ लागतं, कधी लागत नाही, असं का. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

‘सर्च’चा मूळ अर्थ शोधणं नव्हे, फिरणं. लॅटिनमध्ये ‘किर्कुस’ म्हणजे वर्तुळ. सर्कस, सर्कल हे शब्द त्यातलेच. त्यावरून ‘किर्कारे’, म्हणजे भोवती हिंडणं. जुन्या फ्रेंचमध्ये जाईपर्यंत अर्थ सरकला. एखादी जागा पालथी घालत हिंडणारा माणूस बहुधा काहीतरी शोधतच असतो! 1066 नंतर इंग्लंडवर फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांचं राज्य आलं, दरबारात फ्रेंच रुळली आणि पुढे हा शब्द इंग्रजीत मुरला. आजच्या फ्रेंचमधलं ‘शेर्शे’ आणि इटालियनमधलं ‘चेर्कारे’ ही त्याचीच भावंडं. इंग्रजीचं स्वतःचं, घरचं क्रियापद ‘सीक’.

आता ‘फॉर’. ‘सर्च’चं कर्म म्हणजे जी जागा पालथी घालायची ती. पोलीस घर ‘सर्च’ करतात तेव्हा घर हरवलेलं नसतं. आपण त्याला झडती म्हणतो. काय शोधतोय ते सांगायचं असेल तर मात्र ‘फॉर’ हवं. मराठीत ‘पेन शोधतोय’ म्हणतात, म्हणून शाळेत मी ‘आय ॲम सर्चिंग माय पेन’ लिहायचो आणि बाई लाल शाईने मध्ये ‘फॉर’ घालायच्या. त्या वाक्याचा अर्थ पेनाचीच झडती असा होतो, हे मला ही व्युत्पत्ती वाचल्यावर उमगलं. नियम पाठ करण्यापेक्षा हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, चूक होणार नाही. ‘सीक’चं तसं नाही, त्याला हवी ती गोष्ट थेट जोडतात.

आपलं ‘शोधणे’ मात्र वेगळ्याच वाटेने आलंय, आणि मला ती वाट फार आवडते. संस्कृत धातू ‘शुध्’, म्हणजे शुद्ध होणं. आयुर्वेदात ‘शोधन’ म्हणजे आजही शुद्धीच. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, मराठीत तेच ‘रिसर्च’. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ, म्हणजे नकलताना शिरलेले चुकीचे शब्द, काढून मूळ ओवी गाठायची, या एका कामात ‘शोधणे’चे दोन्ही अर्थ आहेत.