बेडकांच्या संगोपनाचे प्रशिक्षण

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची पदवीधर असून मला उभयचर प्राण्यांच्या संगोपन व संवर्धनाच्या क्षेत्रात काम करायचे आहे. त्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे? सरावासाठी ताम्हिणीहून काही बेडूक आणून घरी पाळले तर चालेल का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे : कृपया आणू नका. वनविभागाच्या परवानगीचा मुद्दा आहेच. शिवाय पाळलेला बेडूक पुन्हा रानात सोडला, तर कायट्रिड बुरशीसारखा रोग त्याच्याबरोबर तेथे पोहोचू शकतो. १९९९ साली शास्त्रज्ञांनी नाव दिलेली ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते, आणि पाणी व क्षार यांची देवाणघेवाण कातडीवाटेच होत असल्याने रक्तातील क्षार घटून अखेर त्याचे हृदय बंद पडते.

म्हणून या विद्येत शिकायची पहिली गोष्ट म्हणजे कातडीची काळजी. नळाचे पाणी क्लोरिन उडून जावे यासाठी दिवसभर उघड्या भांड्यात ठेवायचे. पावडर नसलेले नायट्रिलचे हातमोजे ओले करून वापरायचे आणि दर प्राण्यागणिक बदलायचे, कारण लॅटेक्सचे मोजे बेडकांच्या पिल्लांना मारक ठरल्याचे आढळले आहे. ही कामे किरकोळ वाटतील, पण टांझानियातील धबधब्याच्या तुषारांत राहणारा किहान्सी भेक (बेडकाचाच एक भाऊबंद) अशाच कामांवर तगला. वीजप्रकल्पासाठी पाणी वळवल्याने धबधब्याचे तुषार आटले, तेव्हा सुमारे ५०० भेक अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले. २००९ साली हा प्राणी निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तरीही बोटाच्या पेराएवढ्या त्या जिवांना वर्षानुवर्षे कृत्रिम तुषारांत जपणाऱ्या माणसांमुळे २०१२ पासून ते पुन्हा त्याच दरीत सोडता आले.

पुण्यात भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेत आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवविषयक पदव्युत्तर शिक्षण मिळते; संकटग्रस्त प्राण्यांच्या प्रत्यक्ष संगोपनासाठी जर्सी बेटावरील डरेल संस्थेचे प्रशिक्षण नावाजलेले आहे. मात्र माझ्या मते अर्ज करण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा वही घेऊन हिंडण्यात घालवावा. प्रत्येक वेळी ठिकाण, वेळ, तापमान आणि ऐकू आलेला आवाज टिपून ठेवावा, कारण अंधारात बेडूक दिसण्याआधी त्याच्या आवाजावरूनच ओळखावा लागतो. खंडाळ्याच्या परिसरात ओल्या पालापाचोळ्याखाली देवगांडूळ दिसले, तर त्याच्या अंगावरची वळी नीट पाहा. बिनपायांचा हा उभयचर अनेकदा साप समजून मारला जातो. पाहून झाल्यावर पालापाचोळा होता तसा पसरा आणि दुसऱ्या ओढ्याकडे जाण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या.