कार्डावर ‘वाहक’ लिहिलंय, मग लग्न करायचं की नाही?

(वाचकांच्या पत्रांना यावलच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकाची उत्तरं)

प्रश्न : सर, मी धडगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या भाच्याचं लग्न ठरतंय. तपासणीत तो आणि मुलगी दोघंही सिकलसेलचे वाहक निघाले. तेवढ्यात मोबाइलवर बातमी आली, की सिकलसेल कायमचा बरा करणारं इंजेक्शन निघालंय, किंमत अठरा कोटी. लग्न मोडावं का? आणि ते इंजेक्शन आपल्याकडे कधी येईल?

उत्तर : ताई, आधी लग्नाचं. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. वाहक म्हणजे आजारी नव्हे. आई-बापाकडून मिळालेल्या दोन जनुकांपैकी एकच बिघडलेलं असलं, की तो वाहक. मात्र दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. याचा अर्थ ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असा लावू नका. दर वेळी पत्ते नव्यानं पिसले जातात. लग्न मोडा असं मी म्हणणार नाही. दोघांची इलेक्ट्रोफोरेसिसची, म्हणजे वाहक की रुग्ण हे वेगळं दाखवणारी, तपासणी झाली आहे ना, तेवढं बघा. साध्या चाचणीत वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत. आणि दिवस गेले की लगेच डॉक्टरांना दोघांची कार्डं दाखवायला सांगा. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते.

आता इंजेक्शन. बातमी खरी आहे, ‘इंजेक्शन’ हा शब्द मात्र फसवा. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं मान्यता दिली. किंमत २२ लाख डॉलर. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त बनतं त्या पेशी, काढतात, प्रयोगशाळेत क्रिस्पर नावाच्या जनुकीय कात्रीनं त्यांत एक काप देतात. मग केमोथेरपीनं रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करून त्या पेशी परत सोडतात. काही आठवडे दवाखान्यात. चाचणीत ज्यांच्याकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. निकाल मोठा आहे, माणसं मात्र एकतीसच. आपल्याकडेही दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेनं ‘बिरसा १०१’ नावाचा देशी उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात तो कधी येईल याची तारीख मी देणार नाही.

पण तो काप नेमका कुठे देतात, हे ऐका. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं प्राणवायू वाहणारं प्रथिन, वेगळं असतं, आणि त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. म्हणूनच आजारी बाळसुद्धा पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. जन्मानंतर शरीर ते हिमोग्लोबिन बंद करत आणतं. अठरा कोटींची कात्री ते बंद करणारं बटण निकामी करते, बस. आणि हायड्रॉक्सियुरिया नावाची जुनी, स्वस्त गोळी? तीही हेच बाळाचं हिमोग्लोबिन वाढवते. कात्रीइतकं नाही, पण १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत झटके जवळपास निम्म्यानं घटले होते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासतच घ्यायची असते. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. तुमच्या अंगणवाडीच्या टापूत कोणी रुग्ण असेल आणि त्याच्या घरी ही गोळी नसेल, तर मला त्या बातमीपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

एक कबुली देतो. तोरणमाळच्या बाजूला एका आश्रमशाळेत मी शिकवायचो. सातवीतला एक मुलगा हिवाळ्यात प्रार्थनेला उभा राहायचा नाही. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून उन्हात बसायचा. मी त्याला कामचुकार म्हणालो, दोनदा मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पुढे तपासणीचं शिबिर आलं. तंत्रज्ञानं त्याच्या रक्ताच्या थेंबात एक रसायन मिसळलं, वर पातळ काच ठेवली आणि थोड्या वेळानं मला म्हणाला, “सर, बघा.” गोल पेशी एकेक करत लांबट, टोकदार होत होत्या. नुसते विळे. हेच विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर कळवळतं. थंडी, कमी पाणी, अतिश्रम यांनी झटका येतो. मी त्याला डिसेंबरात पहाटे पळवत होतो.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात रोग न येणारी केळी निघाली म्हणतात. आमच्या रावेरकडे रोपं कव्हय भेटतीन, भो?

उत्तर : भाऊ, ‘रोग न येणारी’ नाही, एका रोगाला दाद न देणारी. क्यूसीएव्ही-४ हा वाण क्वीन्सलंड तंत्रज्ञान विद्यापीठाचा, मान्यता फेब्रुवारी २०२४ ची. जंगली केळीतलं एक जनुक कॅव्हेंडिश जातीत घातलंय. ते पनामा रोगाच्या टीआर-४ या जमिनीतल्या बुरशीला आवरतं. तुमचा ग्रँड नैनही कॅव्हेंडिशच, पण तुमची तक्रार करप्याची आणि सीएमव्ही या विषाणूची, त्यांच्याशी या जनुकाचा संबंध नाही. शिवाय आपल्याकडे शेतकऱ्याला पेरायला मिळणारं जनुकबदल पीक २००२ पासून एकच, बीटी कापूस. तेव्हा वाट बघू नका. सीएमव्ही मावा पसरवतो आणि काकडी-भोपळ्याच्या वेलांवरही राहतो. केळीत वेल लावू नका आणि पिवळे पट्टे दिसलेलं झाड मुळासकट काढून नष्ट करा. पैसे घातलेलं झाड उपटताना हात जड होतो, ठाऊक आहे. माझ्या धाकट्या भावानं आठ दिवस लावले आणि शेजारच्या ओळी गेल्या.

प्रश्न : एआयनं प्रथिनांचे आकार ओळखले आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल नेलं. मग धुळ्यात बीएस्सी करून मी काय करू?

उत्तर : नोबेल माणसांनीच नेलं : अर्धं डेव्हिड बेकर यांनी, उरलेलं डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांनी. या शेवटच्या दोघांच्या अल्फाफोल्ड नावाच्या एआयनं वीस कोटींवर प्रथिनांचे आकार वर्तवले, हे खरं. पण ते शिकलं कशावर? माणसांनी प्रयोगशाळेत एकेक करून काढलेल्या लाखाहून जास्त आकारांवर. त्यांतलं एक हिमोग्लोबिन, वरच्या ताईंच्या पत्रातलंच. मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञानं १९३७ मध्ये ते हाती घेतलं आणि आकार हाताला लागेपर्यंत वीसेक वर्षं गेली. तू पुढच्या पत्रात एवढंच कळव, की तुमच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून तू स्वतः काय काय पाहिलंयस.