वाचकांचे प्रश्न : संगणक बंद पडला, हार्ड डिस्कचे काय करावे?

बंद पडलेल्या किंवा बदललेल्या संगणकातील हार्ड डिस्क बाहेर काढून, यूएसबी एन्क्लोजरमध्ये बसवून, एक्स्टर्नल डिस्क म्हणून वापरण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला असून तो दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असे मला सांगण्यात आले. आत बऱ्याच वर्षांचे फोटो आहेत. हार्ड डिस्क काढून एन्क्लोजरमध्ये बसवली, तर ते परत मिळतील का? एन्क्लोजर कोणते घ्यावे?

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क हे स्वतंत्र भाग आहेत आणि एक निकामी झाला म्हणून दुसरा निकामी होतोच असे नाही. एन्क्लोजर म्हणजे डिस्कभोवतीची पेटी आणि तिच्या आतील एक छोटा सर्किट बोर्ड. डिस्कला साटा या जोडणी-पद्धतीची भाषा कळते आणि संगणकाच्या पोर्टला यूएसबीची; हा बोर्ड दोघांमधल्या दुभाषाचे काम करतो.

माझा आग्रह असा आहे की आधी डिस्क बाहेर काढावी, ती नीट पाहावी आणि त्यानंतरच एन्क्लोजर विकत घ्यावे. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून आणि बॅटरी निघणारी असल्यास तीही काढून, खालचे झाकण उघडावे. डिस्क बहुधा पत्र्याच्या एका चौकटीत स्क्रूंनी बसवलेली असते. ती चौकट सोडवून बाजूला ठेवावी. काही लॅपटॉपमध्ये डिस्कच्या तोंडावर कंपनीने एक लहानसा जोडतुकडा लावलेला असतो आणि तो डिस्कचाच भाग वाटतो. तो सरळ रेषेत, न वाकवता ओढला की निघतो आणि मागे डिस्कचे खरे कनेक्टर दिसतात. हा तुकडा तसाच राहिल्यामुळे ‘डिस्क एन्क्लोजरमध्ये बसत नाही’ अशी तक्रार अनेकांकडून येते.

आता कनेक्टर पाहावा. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराच्या दोन चपट्या पट्ट्या शेजारी शेजारी असतील, त्यांपैकी लहान पट्टीवर ७ आणि मोठीवर १५ संपर्कबिंदू असतील, तर ती साटा डिस्क आहे. साटा २००३ च्या सुमारास बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सर्वत्र रूढ झाले. त्याऐवजी बारीक टोकदार पिनांच्या दोन ओळी दिसल्या, तर ती त्याआधीची आयडीई डिस्क होय. लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला ४४ पिना असतात व वीजही त्यांतूनच जाते. डेस्कटॉपच्या डिस्कला ४० पिना असून विजेसाठी चार पिनांचा वेगळा कनेक्टर असतो. आयडीई डिस्कसाठी आयडीईचेच एन्क्लोजर लागते आणि डिस्कवरील जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ‘मास्टर’ या स्थितीत ठेवावा लागतो.

नेहमीचे आकार दोन आहेत : लॅपटॉपची डिस्क २.५ इंची आणि डेस्कटॉपची ३.५ इंची. लॅपटॉपच्या डिस्कची जाडी मात्र मोजून घ्यावी. बहुतेक डिस्क ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीच्या असतात; तथापि काही १२.५ मिलिमीटरच्याही आहेत आणि त्या नेहमीच्या एन्क्लोजरमध्ये जात नाहीत.

लॅपटॉप अलीकडचा असेल, तर आत डिस्कऐवजी च्युइंगगमच्या आकाराची एक उघडी पट्टी, म्हणजे एम.२ एसएसडी निघेल. दिसायला सारख्या असलेल्या या पट्ट्यांचे साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि एकासाठीचे एन्क्लोजर दुसऱ्याला चालेलच असे नाही. कडेच्या खाचेवरून अंदाज येतो, परंतु खात्री करायची असेल तर लेबलवरचा मॉडेल क्रमांक शोधून पाहावा. दोन्ही प्रकार चालवणारी एन्क्लोजर मिळतात आणि शंका असल्यास तीच घ्यावीत. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र साठवणुकीची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तेथे एन्क्लोजरचा उपयोग नाही.

एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. तिची किल्ली मदरबोर्डवरील सुरक्षा-चिपमध्ये असल्याने तोच बोर्ड जळाल्यावर दुसरा संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. आपण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करत होता, तर ती की बहुधा त्या खात्यात जतन झालेली असते. दुसऱ्या संगणकावरून खाते उघडून ती पाहता येते. की सापडली नाही, तर फोटो परत मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही.

प्रश्न : डिस्क एन्क्लोजरमध्ये बसवून जोडली, तर विंडोज ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असे म्हणते. काय करावे?

उत्तर : फॉरमॅट करू नये. चौकट ‘कॅन्सल’ म्हणून बंद करावी. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर ‘इनिशियलाइज’ करण्याविषयी विचारणा झाली, तर तीही नाकारावी. डिस्क काय सांगते आहे ते विंडोजला वाचता आलेले नाही, एवढाच या संदेशाचा अर्थ आहे. डिस्क रिकामी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

कारणे वेगवेगळी असतात. डिस्क मॅकमधून काढलेली असेल, तर तिची मांडणी एचएफएस प्लस किंवा एपीएफएस पद्धतीची असते. लिनक्सच्या डिस्कवर बहुधा ईएक्सटी४ असते. विंडोजला यांतील काहीही आपणहून वाचता येत नाही. अशी डिस्क त्याच प्रणालीच्या दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली जशाच्या तशा दिसतात. उलट दिशेने त्रास कमी आहे, कारण मॅक विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क वाचू शकतो, फक्त तिच्यावर लिहू शकत नाही.

डिस्क विंडोजचीच असूनही हा संदेश आला, तर फाइल प्रणाली बिघडली असावी किंवा डिस्क खराब होत असावी. अशा वेळी अनेक जण प्रथम ‘चेकडिस्क’ चालवतात. मी तसे करण्याच्या विरोधात आहे. तो प्रोग्रॅम फाइल प्रणाली सुसंगत करण्यासाठी डिस्कवर बदल लिहितो. सुसंगत करताना अर्धवट नोंदी काढूनही टाकतो. डिस्कमधील माहिती मोलाची असेल, तर आधी सबंध डिस्कची प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवून घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. लिनक्समधील ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम याच कामासाठी आहे : तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो, त्यामुळे डिस्क मध्येच बंद पडली तरी बराचसा भाग हाती आलेला असतो.

डिस्क दिसते, पण जुन्या वापरकर्त्याचा फोल्डर उघडताना परवानगी नाकारली जाते, अशीही काही पत्रे आहेत. त्यात काळजीचे कारण नाही. ॲडमिनिस्ट्रेटर अधिकारांनी ‘कंटिन्यू’ म्हटले किंवा फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतली की फाइली उघडतात.

प्रश्न : डिस्क जोडल्यावर टक-टक असा आवाज येतो आणि थोड्या वेळाने ती संगणकावरून नाहीशी होते. डिस्क गेली असे समजावे का?

उत्तर : लगेच तसे समजू नये. आधी वीजपुरवठा तपासावा, कारण अपुऱ्या विजेची लक्षणे आणि डिस्कच्या बिघाडाची लक्षणे पुष्कळदा एकसारखी असतात.

डिस्कच्या लेबलवर ती किती व्होल्ट आणि किती अँपिअर घेते ते छापलेले असते. २.५ इंची डिस्क केवळ ५ व्होल्टवर चालते, म्हणून तिला यूएसबी केबलमधूनच वीज मिळू शकते. तथापि यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्टकडून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह प्रमाणानुसार अपेक्षित आहे, तर थांबलेल्या तबकड्या फिरवायला सुरुवात करताना काही डिस्क क्षणभर १ अँपिअरपर्यंत प्रवाह मागतात. तेवढा मिळाला नाही की तबकड्या वेग घेतात, अडखळतात, थांबतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. हाच तो लयबद्ध आवाज असू शकतो. केबल लांब व बारीक असेल, किंवा स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या यूएसबी हबमधून डिस्क जोडलेली असेल, तर हे हमखास घडते. म्हणून आखूड केबल घ्यावी, ती थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावावी आणि डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचे पोर्ट वापरून पाहावे. दोन यूएसबी टोके असलेली केबलही यासाठी मिळते.

३.५ इंची डिस्कला ५ व्होल्टशिवाय १२ व्होल्टही लागतात आणि साध्या यूएसबी पोर्टमधून ते मिळत नाहीत. त्यामुळे तिच्या एन्क्लोजरसोबत वेगळा अडॅप्टर असतो. तो हरवला म्हणून केवळ टोक बसते एवढ्यावर दुसऱ्या उपकरणाचा अडॅप्टर लावू नये; व्होल्ट आणि टोकाची धन-ऋण दिशा जुळली पाहिजे व अँपिअर मूळ अडॅप्टरइतके किंवा अधिक पाहिजेत.

हे सर्व करूनही आवाज तसाच राहिला, तर डिस्क बंद करावी आणि पुन्हा जोडू नये. तबकडीवरून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगणारे वाचन-शीर्ष बिघडले असण्याची ती खूण आहे, आणि प्रत्येक वेळी डिस्क सुरू केल्यावर ते तबकडीवर घासण्याचा धोका असतो. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने आत दमटपणा साचतो आणि जे वाचले असते तेही जाते. झाकण उघडून पाहण्याचा मोहही टाळावा. माहिती मोलाची असेल, तर धूळमुक्त कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी सेवेकडेच डिस्क सोपवावी.

प्रश्न : जुनी डिस्क अजून किती विश्वासार्ह आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ नोंदी म्हणतात. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ आणि इतरत्र ‘स्मार्टमॉनटूल्स’ यांनी त्या वाचता येतात. काही एन्क्लोजरचा बोर्ड या नोंदी पुढे पाठवत नाही. त्या दिसल्या नाहीत म्हणजे डिस्क सदोष आहे असे नव्हे.

अनेक ओळींपैकी मी तीन आधी पाहतो. रीअलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब ठरवून डिस्कने बदलून घेतलेल्या जागा. करंट पेंडिंग म्हणजे वाचताना अडचण आल्याने निर्णय राखून ठेवलेल्या जागा. आणि अनकरेक्टेबल म्हणजे दुरुस्त न झालेल्या जागा. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. पहिल्या ओळीत लहान आकडा असून तो महिनोन्‌महिने स्थिर असेल, तर डिस्क दुय्यम कामाला चालते. तो वाढत असेल, किंवा पेंडिंग शून्य नसेल, तर माहिती काढून घेऊन डिस्क निवृत्त करावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मूळ आकडे षोडशमान पद्धतीत दाखवते, हे ध्यानात ठेवावे : तेथील १० म्हणजे आपले १६. सीआरसी त्रुटींची ओळ मात्र बहुधा केबल किंवा सैल जोडणीचा दोष दाखवते.

प्रश्न : यूएसबी २.० चे एन्क्लोजर घरात पडून आहे. तेच वापरले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण वेळ लागेल. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी एवढाच वेग मिळतो. साधी लॅपटॉप डिस्कही १०० एमबीच्या आसपास देऊ शकते. १ टीबीची प्रत यूएसबी ३.० वर तीन तासांच्या आत होईल, तर २.० वर सुमारे आठ तास लागतील. शिवाय फार जुन्या एन्क्लोजरना २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखता येत नाही.

प्रश्न : अशा डिस्कवर कुटुंबाचे सर्व फोटो आणि कागदपत्रे हलवून लॅपटॉपवरची जागा मोकळी करावी, असा विचार आहे. योग्य ठरेल का?

उत्तर : नाही. या प्रश्नावर मी जाणीवपूर्वक ठाम आहे. पाच-सात वर्षे वापरलेली डिस्क दुसरी किंवा तिसरी प्रत ठेवण्यासाठी उत्तम आहे, एकमेव प्रत ठेवण्यासाठी कधीही नाही. आपल्या प्रश्नातील ‘हलवून’ या शब्दाऐवजी ‘कॉपी करून’ असे असते, तर मी लगेच होकार दिला असता. जागाच हवी असेल, तर एक प्रत नव्या डिस्कवर, दुसरी या जुन्या डिस्कवर आणि शक्य झाल्यास तिसरी घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. त्यानंतरच लॅपटॉपवरून फाइली काढाव्यात.

डिस्क काही महिन्यांनी जोडून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात, आणि जुन्या एसएसडीच्या बाबतीत तर हे अवश्य करावे, कारण झिजलेली एसएसडी दीर्घकाळ विजेविना राहिली तर तिच्यातील माहिती क्षीण होऊ शकते. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. केबल उपटण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करावे आणि तबकड्या थांबेपर्यंत काही सेकंद डिस्क हलवू नये.

प्रश्न : एन्क्लोजरमध्ये बसवून चालू केलेली डिस्क एका विद्यार्थ्याला देणार आहे. आतील माहिती फॉरमॅट केल्याने पूर्ण पुसली जाते का?

उत्तर : ‘क्विक फॉरमॅट’ने नाही, त्याने केवळ अनुक्रमणिका नवी होते आणि फाइली सहज परत काढता येतात. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये ‘क्विक’समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास त्या विभागावर सर्वत्र शून्ये लिहिली जातात. डिस्कवर अनेक पार्टिशन असतील, तर आधी ती सर्व काढून एकच मोठे पार्टिशन करावे आणि मग पूर्ण फॉरमॅट करावे. तबकड्यांच्या डिस्कसाठी असे एकदा लिहिणे घरगुती वापरात पुरेसे आहे. एसएसडीमध्ये काही जागा वापरकर्त्याच्या आवाक्याबाहेर राखीव असतात, म्हणून तेथे उत्पादकाच्या प्रोग्रॅममधील ‘सिक्युअर इरेज’ वापरावे, आणि ते बहुधा डिस्क यूएसबीऐवजी थेट संगणकात जोडूनच करावे लागते.

प्रश्न : तयार विकत घेतलेल्या पोर्टेबल डिस्कचे यूएसबी पोर्ट तुटले आहे. आतील डिस्क काढून नव्या एन्क्लोजरमध्ये बसवता येईल का?

उत्तर : प्रत्येक वेळी नाही. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये साटा कनेक्टर नसतोच. यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डवर सोल्डर केलेले असते. काही मॉडेलमध्ये साटा कनेक्टर असला तरी बाहेरचा बोर्ड सर्व माहिती एन्क्रिप्ट करून लिहितो, त्यामुळे डिस्क दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये बसते, फिरते, परंतु निरर्थक अक्षरेच वाचायला मिळतात. अशा वेळी मूळ बोर्ड टाकून देऊ नये. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्याकडून त्याच बोर्डवर नवे पोर्ट सोल्डर करून घेणे, हाच सर्वांत सोपा आणि बहुतेक वेळा यशस्वी होणारा उपाय आहे.