दिसायला छान की छान दिसतेय?

प्रश्न : ताई, ऑफिसातल्या मैत्रिणीने ग्रुपवर फोटो टाकला, मी खाली लिहिलं 'यू आर गुड-लुकिंग', तर दुसरी म्हणाली असं नाही म्हणत, 'यू आर लुकिंग गुड' म्हणायचं. मला तर दोन्ही एकच वाटतं. आणि बाईला हँडसम म्हटलेलं चालतं का? प्रिटी, अ‍ॅट्रॅक्टिव्ह, स्मार्ट यातलं कुठे काय वापरू?

उत्तर : एकच नाहीत हो, आणि हा फरक तुम्ही मराठीत रोज न विचार करता करता. 'ती दिसायला छान आहे' आणि 'ती आज छान दिसतेय', बघा बरं म्हणून. पहिलं तिच्या नाकडोळ्यांबद्दल, ते उद्याही तसंच राहणार, दुसरं त्या घडीचं, म्हणजे कपडे, केस, चेहऱ्यावरचा आनंद सगळं धरून. गुड-लुकिंग म्हणजे 'दिसायला छान', लुकिंग गुड म्हणजे 'छान दिसतेय', एवढं डोक्यात ठेवलं की पुन्हा गोंधळ होणार नाही. तुमचं वाक्य व्याकरणाने बरोबरच आहे, पण तोंडावर कुणाला 'तू दिसायला छान आहेस' म्हटलं की ऐकणारा जरा अवघडतो, म्हणून गुड-लुकिंग तिसऱ्याबद्दल बोलताना जास्त शोभतं, 'हर ब्रदर इज गुड-लुकिंग' वगैरे. तुलना करताना 'मोअर गुड-लुकिंग' नको, बेटर-लुकिंग म्हणा. आणि 'यू लुक वेल' हे तब्येतीबद्दल असतं, आजारातून उठलेल्या माणसाला म्हणतात.

हँडसम बाईला चालतं, पण उंच, ठसठशीत चेहऱ्याची, रुबाबदार, बहुतेक वेळा वयाने थोडी मोठी असेल तर. विशीतल्या मुलीला म्हणाल तर ती बुचकळ्यात पडेल. या शब्दात 'हँड' म्हणजे हातच आहे, जुना अर्थ हाताळायला सोपं असा होता, मग 'बऱ्यापैकी मोठं' असा झाला, म्हणून अजून 'हँडसम अमाउंट' म्हणतात आणि त्यात रूपाचा काही संबंध नसतो. प्रिटी तर जुन्या इंग्रजीत लबाड, धूर्त माणसासाठी होता! आज तो नाजूक, गोड दिसण्यासाठी आहे आणि ब्युटिफुलपेक्षा हलका आहे.

जपून वापरायचा शब्द म्हणजे अ‍ॅट्रॅक्टिव्ह. 'शी इज अ‍ॅट्रॅक्टिव्ह' ठीक आहे, पण सहकाऱ्याला थेट 'यू आर अ‍ॅट्रॅक्टिव्ह' म्हटलं की त्यातून 'मला तुमची ओढ वाटते' असं ऐकू येऊ शकतं, तुमच्या मनात तसं काही नसलं तरी. हॉट आणि सेक्सीचं तर सांगायलाच नको, ऑफिसात अजिबात नाही.

आता आपण मराठीत सर्रास वापरतो ते तीन शब्द. आपण 'स्मार्ट दिसतोय' म्हणतो ते ब्रिटिश माणसाला बरोबर कळतं, नीटनेटका, टापटीप, पण अमेरिकन माणसाच्या मनात स्मार्ट म्हणजे आधी हुशारच येतं. आणि 'त्याची पर्सनॅलिटी मस्त आहे' म्हणताना आपल्या डोळ्यासमोर उंची-बांधा असतो, इंग्रजीत मात्र पर्सनॅलिटी म्हणजे स्वभाव, त्यामुळे रूपाचं कौतुक करायला गेलात तर ते पोचतच नाही. होमलीचं त्याहून वाईट, आपण घरगुती, साधी या अर्थाने म्हणतो आणि अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला बेताची! तिकडच्या कुणाच्या फोटोखाली हा शब्द चुकूनही टाकू नका, खरंच मन दुखावतं.

तुमच्या मैत्रिणीसाठी 'यू लुक लव्हली' पुरेसं होतं, मागे टुडे नको, नाहीतर बाकीचे दिवस काय असा प्रश्न उरतो. मला स्वतःला याहून आवडतं ते नेमकं काहीतरी सांगणं, 'दॅट कलर लुक्स लव्हली ऑन यू', कारण त्यात आपण फोटो नीट पाहिलाय हेही तिला कळतं.