निलगिरीचे शेंडे काळे पडतायत, बीएपी वाढवू का?

प्रश्न: निलगिरीचं टिश्यू कल्चर (बाटलीत पोषक मीडियावर रोपं वाढवणं) करतोय. पूर्ण ताकदीच्या एमएस मीडियावर (पोषक क्षारांचं ठरलेलं मिश्रण) लिटरला १ मिलिग्रॅम बीएपी (फुटवा आणणारं, सायटोकायनिन गटातलं संप्रेरक) टाकलं तर फुटवा भरपूर आला पण पानं जाड, पाणेरी, अगदी काचेसारखी. मग कुणीतरी सुचवलं म्हणून एमएस अर्धा केला. काचेसारखेपणा बराच कमी झाला, पण आता कोंबांचे शेंडेच काळे पडून मरतायत. बीएपी वाढवून बघू का?

उत्तर: नको नको, बीएपी उलट कमी करा, ०.२ ते ०.५ च्या आसपास आणून बघा, कारण पानं पाणेरी व्हायला जास्तीचं सायटोकायनिन हेही एक कारण असतं. पण तुमची खरी गडबड त्या "अर्धा एमएस"मध्ये आहे असं मला वाटतं.

एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांचा १९६२ चा मीडिया, तो मुळात तंबाखूच्या पेशींसाठी बनवलेला, त्यात नायट्रोजन लिटरला ६० मिलिमोल (कणांच्या संख्येचं माप) आणि त्यातला एक तृतीयांश अमोनियम. लाकडी खोडाच्या झाडांसाठी जो डब्ल्यूपीएम (वुडी प्लांट मीडियम) वापरतात त्यात नायट्रोजन जेमतेम १५, म्हणजे पाव. पण गंमत बघा, कॅल्शियम दोन्हीत सारखंच, साधारण ३ मिलिमोल! तुम्ही सगळंच निम्मं केलंत, नायट्रोजनबरोबर कॅल्शियमही गेलं, आणि कॅल्शियम एकदा जुन्या पानात बसलं की तिथून हलत नाही, त्यामुळे कमी पडलं की पहिला फटका शेंड्याला.

म्हणून अमोनियम नायट्रेट १६५० चं ८२५ आणि पोटॅशियम नायट्रेट १९०० चं ९५० मिलिग्रॅम करा, कॅल्शियम क्लोराइड मात्र पूर्ण ४४० ठेवा (हा आकडा डायहायड्रेटचा, म्हणजे पाण्याचे दोन रेणू जोडलेल्या रूपाचा, डबीवर काय लिहिलंय ते बघून घ्या), बाकीचंही पूर्णच. कॅल्शियमचा स्टॉक (आधी करून ठेवलेलं घट्ट द्रावण) वेगळा ठेवा, सल्फेट-फॉस्फेटच्या घट्ट स्टॉकमध्ये ओतलात तर साका बसतो आणि मग हिशोबात कॅल्शियम असतं, रोपाला मिळत नाही.

झाकणाकडेही बघा. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, पानातून बाष्प बाहेर पडलं तरच. गच्च बंद बाटलीत आतली हवा ओलीचिंब, मग मीडियात कितीही कॅल्शियम ओता, शेंड्यापर्यंत पोचणार कसं? फिल्टरवाली झाकणं मिळाली तर थोड्या बाटल्यांना लावून बघा, काचेसारखेपणाही त्याने कमी होतो, फक्त मीडिया लवकर सुकतो.

आणखी एक, सगळं एकदम बदलू नका नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. नायट्रोजन पूर्ण आणि अर्धा, बीएपी ०.२ आणि ०.५, अशी चार कॉम्बिनेशन लावा, प्रत्येकी किमान पंधरा-वीस बाटल्या, आणि निकाल दुसऱ्या-तिसऱ्या सबकल्चरनंतरच (कोंब ताज्या मीडियावर हलवल्यानंतरच) धरा, कारण आधीचं बीएपी कोंबात साठलेलं असतं, पहिली फेरी हमखास फसवते.