वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपवरचा मेल सर्व्हर

प्रश्न : आमच्या प्रणालीतून ग्राहकांना ईमेल जातात. लॅपटॉपवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाकून चाचणी घ्यायची आहे. डेटाबेसमधले पत्ते खरे आहेत. एकही पत्र बाहेर पडता कामा नये.

उत्तर : पत्ते बदलत बसू नका, एखादा राहतोच. बाहेरचा रस्ताच बंद करा. 'मेन.सीएफ' या पोस्टफिक्सच्या मांडणीच्या फाइलमध्ये या ओळी घाला :

इनेट_इंटरफेसेस = लूपबॅक-ओन्ली
व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स = रेगएक्स्प:/ईटीसी/पोस्टफिक्स/सगळे
डिफॉल्ट_ट्रान्सपोर्ट = एरर:बाहेर पाठवणे बंद

'सगळे' या फाइलमध्ये एकच ओळ हवी : /./ टेस्ट@लोकलहोस्ट. 'टेस्ट' नावाचा वापरकर्ता यंत्रावर असायला हवा आणि 'मायडेस्टिनेशन'मध्ये, म्हणजे ज्या डोमेनांची पत्रे हे यंत्र स्वतःकडे ठेवते त्या यादीत, लोकलहोस्ट (म्हणजे हेच यंत्र) हवा. आता पत्र कोणालाही लिहिलेले असो, ते टेस्टच्या पेटीत पडेल. बदलतो तो फक्त लिफाफ्यावरचा, म्हणजे पत्र प्रत्यक्ष कुठे पोचवायचे तो पत्ता. पत्रातली 'टू' ही ओळ तशीच राहते, त्यामुळे ते कोणासाठी होते हे दिसते. तिसरी ओळ खबरदारीची : दुसरीतून काही निसटलेच, तर ते बाहेर न जाता परत फिरते आणि लॉगमध्ये दिसते.

पहिली ओळ बदलल्यावर 'रीलोड' पुरत नाही, पोस्टफिक्स थांबवून पुन्हा सुरू करावे लागते. मग 'पोस्टकॉन्फ -एन' ही आज्ञा चालवून 'मेन.सीएफ'मध्ये मूल्ये बरोबर लिहिली गेली का ते पाहा.

काही जण 'डिफर_ट्रान्सपोर्ट्स = एसएमटीपी' सुचवतात. पत्रे रांगेत थांबतात खरी, पण कोणी सवयीने 'पोस्टक्यू -एफ' (रांग मोकळी करण्याची आज्ञा) दिले की सगळी सुटतात. खऱ्या पत्त्यांसाठी हा उपाय नको.

प्रश्न : टेलनेटने २५ क्रमांकाच्या पोर्टवर पत्र दिले, '२५०' असे उत्तर आले, पण पत्र पोचलेच नाही. चूकही कळवली जात नाही.

उत्तर : २५० म्हणजे तुमच्या सर्व्हरने पत्र ताब्यात घेतले, एवढेच. 'मेलक्यू' चालवून रांगेत थांबलेली पत्रे पाहा. तिथे 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसत असेल, तर इंटरनेट पुरवठादाराने बाहेर जाणारे २५ पोर्ट अडवले असण्याची शक्यता मोठी. घरगुती जोडण्यांवर हे सर्रास होते. पोस्टफिक्स मूळ मांडणीत ५ दिवस प्रयत्न करत राहते आणि मधल्या काळात पाठवणाऱ्याला काही सांगत नाही.

यावर उपाय : 'रिलेहोस्ट'मध्ये, म्हणजे पत्रे ज्याच्यामार्फत बाहेर जातील त्या सर्व्हरच्या जागी, मेल पुरवठादाराचे यंत्रनाव चौकटी कंसात आणि पुढे :५८७ लिहा. कंसामुळे एमएक्स नोंद (डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जातात ते सांगणारी) शोधली जात नाही. पासवर्डच्या फाइलमध्येही नाव अगदी तसेच, कंस आणि पोर्टसकट, हवे. नाहीतर पासवर्ड सापडतच नाही. ती फाइल बदलली की दरवेळी 'पोस्टमॅप' चालवा. 'एसएमटीपी_एसएएसएल_ऑथ_एनेबल = येस' आणि 'एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = एन्क्रिप्ट' ठेवा. शिवाय 'एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोअॅनॉनिमस' द्या, कारण मूळ मूल्य साधा पासवर्ड पाठवूच देत नाही. अनेकांचे घोडे इथेच अडते.

प्रश्न : 'मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ' ही चूक कशामुळे येते?

उत्तर : डीएनएस (डोमेन कोणत्या यंत्राकडे आहे ते सांगणारी यंत्रणा) पत्त्यातले डोमेन याच यंत्राकडे दाखवते, पण 'मायडेस्टिनेशन'मध्ये ते नाही. तिथे घाला. पेट्या दुसरीकडे असलेले डोमेन मात्र तिथे लिहू नका. त्यावरची पत्रे 'यूझर अननोन' म्हणून परत येतील.